टपालाने जाणारा रंग

झेंडूचा केशरी कागदावर उतरवणे हे छपाईतले जुने दुखणे आहे. संगणकाच्या पडद्यावर तो पेटलेला दिसतो आणि छापून हातात आला की विटकरीकडे झुकलेला असतो. राणी रंगाच्या लुगड्याचे तेच, मोराच्या मानेवरच्या निळ्याचेही तेच. छापणाऱ्याला विचारले तर तो सांगतो, ‘पडद्यावरचा रंग कागदावर येत नसतो.’ हे उत्तर अर्धे खरे आहे. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद मात्र त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग परत करतो. शाईच्या आवाक्याबाहेरचा रंग शाईतून निघणार नाही, याला इलाज नाही. पण हातात आलेल्या विटकरीचा सगळा दोष शाईवर टाकणे अन्यायाचे होईल. पुष्कळदा तीच शाई त्याच कागदावर याहून बराच चांगला केशरी देऊ शकत असते. तो तिच्याकडून कसा मागून घ्यायचा, एवढेच ठाऊक नसते. हा दुसरा भाग दुरुस्त होतो. त्यासाठी लागणारे मोजमापाचे यंत्र महाग असले, तरी ते आपल्या घरी असण्याची गरज नाही. रंगांचे चौकोन छापलेले दोन-तीन कागद टपालाने पाठवायचे, आणि काही दिवसांनी इमेलने एक फाइल परत येते. तिला प्रिंटरचे ‘प्रोफाइल’ म्हणतात. ही फाइल म्हणजे नेमके काय, ती दुरून कशी तयार होते आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे या लेखात पाहायचे आहे.

साहित्याच्या वाचकांपुढे हा विषय आणण्याला कारण आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. तेव्हापासून मराठी मुखपृष्ठांचा जो साठा तयार झाला, त्याची मूळ चित्रे फारच थोडी उरली आहेत. उरले आहेत ते छापील अंक, तेही बहुतांशी व्यक्तींच्या कपाटांत. तो कागद पिवळा पडत चालला आहे, कडेने तुटतो आहे. दीनानाथ दलालांनी १९४५ साली सुरू केलेल्या ‘दीपावली’चे जुने अंक हाताळणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आज ही चित्रे स्कॅन होतात आणि प्रदर्शनासाठी, पुस्तकासाठी किंवा नुसती भिंतीवर लावण्यासाठी पुन्हा छापली जातात. हे काम करणारे लोक प्रयोगशाळा बाळगणाऱ्या संस्थांतले नसतात. एखाद्या जिल्ह्याच्या गावात आठ-दहा शायांचा एक इंकजेट प्रिंटर घेऊन बसलेला हौशी माणूस ते करत असतो. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी दलालांचा निळा किंवा मुळगावकरांचा गुलाबी म्हणून लोक जे ओळखतील, ते अशाच कुणाच्या तरी छापलेल्या प्रतीवरून. प्रत हिरवट निघाली, तर आठवणही हिरवट होणार.

पूर्वी हे काम कसे चालायचे ते आधी थोडे पाहू. रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ साली गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड तयार होत असे. मूळ तैलचित्रातला एखादा तपकिरी कोणत्या रंगांच्या थरांतून साधेल आणि कोणत्या दगडावर किती दाट ठिपके द्यावेत, हे कारागीर नजरेने ठरवत. पुढे ब्लॉकचा जमाना आला. ब्लॉक करणारा छापखान्याला ब्लॉकबरोबर क्रमाने घेतलेली प्रुफे देई: नुसता पिवळा, नुसता लाल, पिवळ्यावर लाल, मग त्यावर निळा. मशीनवरचा माणूस ती समोर ठेवून शाई कमी-जास्त करी. त्या माणसाला आपली शाई, आपले मशीन आणि आजचा कागद यांचे नाते पाठ असे. आपण ज्याला प्रोफाइल म्हणतो आहोत ते त्याच्या डोक्यात होते आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबरच जाई. घरगुती प्रिंटर आला तेव्हा हा माणूस मधून वगळला गेला, आणि त्याच्या जागी प्रिंटर चालवणारा एक संगणकीय कार्यक्रम आला. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो कारखान्यात बसून कुणीतरी लिहिलेला असतो. आपल्या टेबलावरचा कागद त्याने पाहिलेला नसतो.

मूळ अडचण आकड्यांची आहे. संगणकातल्या चित्राचा प्रत्येक बिंदू तीन आकड्यांनी लिहिलेला असतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५. म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ जोडण्या. पण हे आकडे रंग सांगत नाहीत, ते हुकूम देतात. ‘मीठ चवीपुरते’ असे पाककृतीत लिहिलेले असले तरी दोन घरांतली आमटी वेगळी होते, तसे हे आहे. २५५, १४०, ० हा हुकूम एका प्रिंटरला दिला तर एक केशरी निघेल, दुसऱ्याला दिला तर दुसरा. त्याच प्रिंटरमध्ये कागद बदलला तर तिसरा. तीन आकडे घेऊन प्रिंटर आपल्या सहा, आठ किंवा दहा शायांचे थेंब कसे वाटून टाकतो, हे त्याचे खासगी गणित असते. त्यात आपल्याला डोकावता येत नाही. डोकावण्याची गरजही नाही. हुकूम दिला की कागदावर काय उमटते ते मोजता आले, म्हणजे पुरे.

‘काय उमटते’ हे सांगायला मात्र कुठल्याही यंत्रावर अवलंबून नसलेली भाषा हवी. ती १९३१ साली ठरली. प्रकाश आणि रंग यांविषयी आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या सीआयई या आयोगाने त्या वर्षी ‘प्रमाण निरीक्षक’ निश्चित केला. हा कुणी एक माणूस नव्हता. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात डब्ल्यू. डी. राइट यांनी दहा जणांवर आणि टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जॉन गिल्ड यांनी सात जणांवर स्वतंत्र प्रयोग केले होते. समोरच्या रंगाशी तीन दिव्यांचे मिश्रण जुळवायचे, असे त्यांचे स्वरूप होते. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहावे, साधारण तेवढ्याच भागात रंग दाखवला जाई. दोघांचे निष्कर्ष आश्चर्य वाटावे इतके जुळले आणि त्यांच्या सरासरीतून हा निरीक्षक तयार झाला. म्हणजे आज जगात कुठेही प्रिंटरचे प्रोफाइल तयार होते तेव्हा त्याच्या तळाशी या सतरा जणांचे डोळे असतात. कोट्यवधी लोकांच्या वतीने सतरा जणांनी पाहिले, आणि गेली नव्वदहून अधिक वर्षे त्यावर काम चालले आहे. मला ही गोष्ट कुठल्याही यंत्राहून नवलाची वाटते.

१९७६ साली याच आयोगाने वापराला सोयीचे कोष्टक दिले. त्याला लॅब म्हणतात. प्रयोगशाळेशी त्याचा संबंध नाही, एल, ए आणि बी ही तीन मापांची नावे आहेत. एल म्हणजे उजळपणा, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते १००. ए हे हिरव्याकडून लालकडे जाणारे माप, बी निळ्याकडून पिवळ्याकडे जाणारे. ए आणि बी दोन्ही शून्य असले की निखळ करडा. दोन रंगांतला फरकही अंतरासारखा आकड्यात सांगता येतो. त्याला डेल्टा-ई म्हणतात. हे अंतर एकच्या आसपास असेल, तर शेजारी शेजारी ठेवूनही सरावलेल्या नजरेलाच ते कळते. पुढे १९९३ साली ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट आदी आठ कंपन्यांनी एकत्र येऊन आयसीसी ही संघटना काढली आणि प्रोफाइलच्या फाइलची रचना सर्वांसाठी एकच ठरवली. एका कंपनीच्या कार्यक्रमाने केलेले प्रोफाइल दुसरीच्या कार्यक्रमात चालते ते त्यामुळे. आणि तयार फाइल इमेलने पाठवण्यात अर्थ आहे, तोही त्यामुळेच.

तेव्हा प्रोफाइल म्हणजे शब्दकोश. एका बाजूला या प्रिंटरचे हुकूम, दुसऱ्या बाजूला त्या हुकमाने या कागदावर उमटणारे रंग, लॅबच्या भाषेत. कोशाची उलटी बाजू जास्त कामाची असते: अमुक रंग हवा आहे, तर या प्रिंटरला कोणता हुकूम द्यावा?

चांगला कागद विकणाऱ्या कंपन्या असे कोश तयार करून फुकट देतात. अमुक प्रिंटर, तमुक कागद, ही घ्या फाइल. ती वाईट नसते. पुष्कळांचे तेवढ्यावर भागते आणि भागत असेल तर पुढे जाण्याची गरज नाही. पण ती त्यांच्याकडच्या प्रिंटरवर, अस्सल शाईने, त्यांच्या हवेत तयार केलेली असते. आपला प्रिंटर त्याच कारखान्यातला त्याच नावाचा असला, तरी दोघांत थोडा फरक राहतो. आपण दुसऱ्याच कंपनीची शाई भरत असू, तर त्या फाइलला काही अर्थच उरत नाही. आणि एखाद्याने हातकागदावर किंवा नेहमीच्या यादीत नसलेल्या सुती कागदावर छापायचे ठरवले, तर त्याच्यासाठी कुणीच फाइल केलेली नसते. अशा ठिकाणी स्वतःचे प्रोफाइल लागते आणि त्याला लागतो स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे वर्णपट मोजणारे यंत्र. चांगल्या यंत्राची किंमत लाखाच्या पुढे जाते, बहुधा प्रिंटरच्याही पुढे. वर्षातून तीन-चार वेळा लागणाऱ्या वस्तूसाठी एवढा खर्च कोण करणार?

टपालाची सोय निघाली ती इथून, आणि ती चालते ते एका साध्या कारणाने. छापलेला कागद ही वस्तू आहे. तिच्यावरचा रंग, काळजी घेतली तर, गावाहून गावाला न बदलता जातो. पडद्याचे तसे नाही. पडद्याचा प्रकाश पाकिटात घालता येत नाही, म्हणून पडदा मोजायचा तर यंत्र त्याच्यापाशीच न्यावे लागते. स्कॅनर आणि कॅमेऱ्याचे आणखी तिसरेच: तिथे आधी मोजून ठेवलेला तक्ता आपल्याकडे येतो आणि आपण त्याचे चित्र घेतो. प्रिंटर तेवढा असा आहे की तो घरी राहतो आणि त्याची साक्ष प्रवासाला जाते. ब्रिटनमध्ये परमाजेट आणि फोटोस्पीड या कागद विकणाऱ्या कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांना हे काम विनामूल्य करून देतात; इतरत्र त्यासाठी फी घेतात. आपल्याकडेही रंगव्यवस्थापनाचे सल्लागार ते करतात. यंत्र एक आणि गिऱ्हाइके अनेक असल्याने फी यंत्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते.

सेवा देणारा आधी एक तक्ता पाठवतो. त्यात शेकडो लहान चौकोन असतात, प्रत्येकाचे आकडे ठरलेले. लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी नऊ पायऱ्या घेतल्या तर ९ × ९ × ९, म्हणजे ७२९ चौकोन होतात. त्यात करड्याच्या जादा पायऱ्या घालतात, कारण करड्यातली चूक डोळ्याला सगळ्यात आधी दिसते. पावणेदोन कोटी हुकमांपैकी हजारभर प्रत्यक्ष मोजायचे आणि मधले गणिताने भरून काढायचे, असा हा व्यवहार आहे. प्रिंटर गुळगुळीत वागणारा असेल तर हजार पुरतात. मध्येच उड्या मारणारा असेल तर दोन हजारही अपुरे पडतात.

आता आपली पाळी. सगळे बिघडते ते इथेच, म्हणून थोडे थांबून सांगतो.

तक्ता कच्चा छापायचा असतो. म्हणजे त्याच्या आकड्यांत मध्ये कुणीही दुरुस्ती करता कामा नये. पण आजचे सगळे कार्यक्रम मदत करायला टपलेले असतात. चित्र उघडणारा कार्यक्रम स्वतःचे एखादे प्रोफाइल लावू पाहतो, संगणकाची मूळ यंत्रणा आपले लावते, ड्रायव्हर ‘रंग खुलवण्याचे’ काम करतो. यांतल्या एकानेही हात लावला, तर मोजणाऱ्याकडे जाणारी साक्ष प्रिंटरची राहत नाही, ती मदतनिसाची होते. पूर्वी फोटोशॉपमध्ये ‘रंगव्यवस्थापन नको’ असा सरळ पर्याय होता. २०१० साली आलेल्या सीएस५ मध्ये तो काढून टाकण्यात आला. लोक तक्तेच छापू शकेनात, तेव्हा ॲडोबीने ‘कलर प्रिंटर युटिलिटी’ नावाचा एक चिमुकला कार्यक्रम वेगळा दिला. फाइल आहे तशी प्रिंटरकडे सोडणे, एवढेच त्याचे काम. सेवा देणारे बहुधा हाच किंवा असाच कार्यक्रम वापरायला सांगतात. ते म्हणतात तेच करावे, स्वतःची युक्ती चालवू नये.

ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद ठेवायची. पण त्यातला कागदाचा प्रकार मात्र विचारपूर्वक निवडावा लागतो, कारण शाई किती ओतायची हे त्यावर ठरते. दुसऱ्या कंपनीचा सुती कागद असेल तर यादीतला जवळचा प्रकार निवडून, शाई पाझरत नाही आणि काळा फिका पडत नाही हे आधी पाहून घ्यावे. एकदा निवडला की तो प्रकार आणि छपाईची प्रत, दोन्ही कायमची बांधली गेली. पुढे यांतले काहीही बदलले तर प्रोफाइल त्या छपाईचे राहत नाही. छापण्याआधी प्रिंटरची छिद्रे साफ आहेत ना ते तपासायचे. तक्ता ‘पानात बसवून’ लहान करायचा नाही, कारण चौकोन लहान झाले की यंत्राच्या मापाशी जुळत नाहीत.

मग वाळू द्यायचे, निदान एक दिवस. विरघळलेल्या रंगांच्या शाया वाळताना काही तास रंग बदलत राहतात. रंगकणांच्या शाया लवकर स्थिरावतात, पण घाई करू नये ती नव्हेच. पावसाळ्यात कोकणातल्या हवेत एका दिवसाचे दोन करावेत. चौकोनांना बोट लागू द्यायचे नाही. गुंडाळी करायची नाही, घडी तर मुळीच नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून, मध्ये साधा कोरा कागद घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत पाठवायचे. मागच्या बाजूला प्रिंटर, शाई, कागद, निवडलेला प्रकार आणि तारीख लिहायची. तक्ता दोनदा छापून दोन्ही प्रती पाठवल्या तर उत्तम. दोघींच्या मोजमापांत फरक पडला तर प्रिंटरच अस्थिर आहे, हे लांबच्या माणसाला कळते. एका प्रतीवरून त्याला ते कळण्याचा मार्ग नाही.

तिकडे यंत्र प्रत्येक चौकोनावर ४५ अंशांतून प्रकाश टाकते आणि सरळ वरून, परत आलेला प्रकाश तपासते. तो ३८० ते ७३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात दहा-दहाच्या टप्प्याने मोजला जातो, म्हणजे चौकोनागणिक ३६ आकडे. त्यांना त्या सतरा जणांच्या सरासरी डोळ्यातून गाळले की लॅबचे तीन आकडे मिळतात.

इथे एक खोच आहे आणि ती आपल्या घरातल्या न्हाणीघरातून समजून घेता येते. पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल देण्याची पद्धत होती, अजूनही अनेक घरांत आहे. ते द्रव्य डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकते आणि पिवळट धोतर शुभ्र भासते. त्याच जातीची द्रव्ये बहुतेक चकचकीत छपाईकागदांत घातलेली असतात. अशा कागदावर मोजमाप घ्यायचे तर यंत्राच्या दिव्यात अतिनील किती आहे, यावर उत्तर बदलते. निळसर चमक मोजमापात आली तर प्रोफाइल कागदालाच निळा समजते आणि तो निळा मारण्यासाठी करड्यात पिवळा मिसळते. मग अतिनील कमी असलेल्या घरच्या दिव्याखाली ते चित्र कावीळ झाल्यासारखे दिसते. २००९ सालच्या आयएसओ १३६५५ या मानकाने यासाठी मोजण्याच्या अटींना नावे दिली. एम० म्हणजे जुन्या तारेच्या बल्बसारखा प्रकाश, एम१ म्हणजे अतिनीलासह प्रमाणित दिवसाचा प्रकाश, एम२ म्हणजे अतिनील पूर्ण गाळलेला. मोजणाऱ्याला आपण दोन गोष्टी आपणहून सांगाव्यात: कागदात शुभ्रक आहे की नाही, आणि छापलेले चित्र कुठे लागणार आहे. काचेमागे, घरातल्या एलईडीखाली लागणार असेल तर एम२ बहुधा बरे. माझे मत विचाराल तर जुन्या मुखपृष्ठांच्या प्रतींसाठी शुभ्रक नसलेला कागदच घ्यावा. तो दिसायला किंचित सायीसारखा असतो, पण हा सगळा प्रश्नच निकालात निघतो, आणि शुभ्रकाचा जोर काळाबरोबर ओसरतो ती भानगडही राहत नाही.

परत येते ती एक-दोन मेगाबाइटची फाइल. ती संगणकात बसवायची, छापताना निवडायची आणि ड्रायव्हरची दुरुस्ती पूर्वीसारखीच बंद ठेवायची. ती चालू राहिली, तर एकाच रंगावर दोनदा उपचार होतात आणि चित्र लालबुंद किंवा मलूल निघते. प्रोफाइल बिघडले अशी तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा हेच झालेले असते.

या फाइलमध्ये मोजमाप असते, पण नुसते मोजमाप नसते. झेंडूचा प्रश्न इथे पुन्हा येतो. चित्रातला जो रंग या कागदाच्या आवाक्यात नाहीच, त्याचे काय करायचे? मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो तेव्हा सगळे थोडे थोडे सरकतात. ‘पर्सेप्चुअल’ ही पद्धत तशी आहे: बाहेरच्या रंगाला जागा देण्यासाठी आतले रंगही किंचित आत सरकतात, आपसातले नाते टिकते, पण आपल्या मूळ जागी फारसे कुणीच राहत नाही. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ या दुसऱ्या पद्धतीत बसलेले हलत नाहीत, आणि बाहेरचा दाराशीच, आत मावेल तिथवर उभा राहतो. आवाक्यातले रंग जसेच्या तसे येतात, पण झेंडूच्या दोन पाकळ्यांमधला सूक्ष्म फरक दाराच्या गर्दीत हरवतो. आणखी दोन पद्धती आहेत: एक आलेखांसाठी, दुसरी प्रुफासाठी, जिच्यात छपाईच्या कागदाचा पांढराही दुसऱ्या कागदावर रंगवून दाखवतात. आपल्याला बहुधा पहिल्या दोहोंतूनच निवडायचे असते.

फार कमी लोकांच्या लक्षात येते ते असे: कोणी किती सरकायचे हे आयसीसीने ठरवून दिलेले नाही. प्रोफाइल तयार करणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाची त्याविषयी स्वतःची आवड असते. एकच तक्ता दोन ठिकाणी पाठवला तर दुसऱ्या पद्धतीने छापलेली चित्रे जवळजवळ सारखी यायला हवीत. पहिल्या पद्धतीने छापलेली वेगळी आली तर दोघांपैकी कुणी चुकले असे नाही. मळवलीच्या कारागिराची नजर यंत्रातून गेली असे आपण समजतो, पण ती गेलेली नाही. ती आता कार्यक्रम लिहिणाऱ्याकडे आहे, आणि तो कोण हे आपल्याला माहीत नसते.

म्हणून सेवा घेताना फाइलबरोबर मोजमापांची यादीही मागून घ्यावी, हा माझा आग्रह आहे. ती साधी अक्षरी फाइल असते: चौकोनाचा हुकूम आणि त्याचे निघालेले माप. ऑस्ट्रेलियातले ग्रीम गिल यांनी ‘आर्गिल’ नावाचा कार्यक्रम तयार करून सर्वांसाठी मोफत ठेवला आहे. मोजमापे हाताशी असतील तर त्याच्या मदतीने आपले प्रोफाइल आपणच, वेगळ्या आवडीने, पुन्हा तयार करू शकतो. आर्गिल शिकायला चिकाटी लागते, त्यात बटणे नाहीत, सगळे हुकूम टाइप करावे लागतात. पण इंग्रजीतली पुस्तिका सविस्तर आहे. काही सेवा ही यादी द्यायला कां-कूं करतात. साक्ष आपल्या प्रिंटरची आहे, तेव्हा ती आपल्याला मिळायला हवी.

आलेले प्रोफाइल पारखायला आधी रंगीत चित्र घेऊ नये. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा एक सलग करडा पट्टा छापावा आणि खिडकीशी, दिवसाच्या उजेडात पाहावा. मध्येच कुठे गुलाबी किंवा हिरवी झाक येत असेल, किंवा पट्टा पायऱ्या पडल्यासारखा दिसत असेल, तर तक्ता पुन्हा छापून पाठवणे बरे. मग त्वचेचे रंग पाहावेत, मग आकाश. तोच कागद रात्री दिव्याखाली नेला की थोडा बदलणारच. दोन वेगळ्या वर्णपटांचे रंग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसतात. साडीच्या दुकानातून काठ दारापाशी नेऊन पाहणाऱ्या बायकांना हे मोजमापाशिवाय कळलेले असते. जुनी ब्लॉकछपाई आणि आजची इंकजेट यांच्या शाया वेगळ्या, त्यामुळे मूळ मुखपृष्ठ आणि त्याची प्रत सगळ्याच दिव्यांखाली जुळतील ही अपेक्षा ठेवू नये. कोणत्या प्रकाशात जुळवले ते लिहून ठेवावे.

आणि एक गोष्ट प्रोफाइलच्या कक्षेतच नाही. मुखपृष्ठाच्या स्कॅनमध्ये आकाश पिवळसर आले आहे. तो पिवळा चित्रकाराचा, शाई घालणाऱ्याचा, की साठ-सत्तर वर्षांच्या हवेचा? प्रोफाइलला यातले काही कळत नाही. हातात आलेले आकडे कागदावर प्रामाणिकपणे उतरवणे एवढीच त्याची जबाबदारी. पिवळा काढायचा की ठेवायचा हे संपादन आहे, आणि हस्तलिखिताच्या संपादनाला जे नियम लावतो तेच इथेही लावावेत असे मला वाटते: आधी आहे तशी प्रत, मग दुरुस्त केलेली, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठेवलेल्या. आज बाजारात येणाऱ्या बऱ्याच ‘उजळलेल्या’ प्रतींत पहिली पायरी गाळलेली दिसते. उजळवणाऱ्याची आवड आणि प्रिंटरची चूक एकमेकांत अशी मिसळलेली असते की नंतर त्या सोडवता येत नाहीत. प्रिंटरची बाजू प्रोफाइलने स्वच्छ केली, तर निदान उरलेला फरक माणसाने केलेला आहे असे खात्रीने म्हणता येते.

प्रोफाइल कायमचे नसते. शाईची कंपनी बदलली, छपाईचे डोके बदलले, कागदाचा नवा गठ्ठा वेगळा वाटला, तर तक्ता पुन्हा छापून पाठवावा लागतो. एरवी वर्ष-दोन वर्षे चालायला हरकत नाही. बदल झाला की नाही हे ओळखायला टपालाची गरज पडत नाही. पहिल्या वेळी तक्त्याची एक जादा प्रत छापून, तारीख घालून, पाकिटात घालून अंधाऱ्या कपाटात ठेवावी. दर तीन-चार महिन्यांनी त्यातली करड्याची ओळ नव्याने छापून शेजारी धरावी. मुखपृष्ठाची प्रत छापली की तिच्या मागे पाच गोष्टी लिहाव्यात: कागद, शाई, प्रोफाइलचे नाव, रंग बसवण्याची पद्धत आणि तारीख. एका प्रतीसाठी दोन मिनिटे लागतात.